फॅटी लिव्हर : व्हिटॅमिन ई, ओमेगा-३ आणि सिलिमारिन, जूनपासून होळीपर्यंत वापरल्यानंतर

यकृताच्या आत दुखण्याची जाणीव नसते. चरबी साठताना ते काही कळू देत नाही आणि उतरतानाही नाही. त्यामुळे "पंधरा दिवसांत हलकं वाटायला लागलं" असे अभिप्राय वाचून कुणी डबा मागवू नये, ही माझी कळकळीची विनंती. खालचं सगळं मी रक्ताच्या आणि फायब्रोस्कॅनच्या (यकृतातली चरबी आणि कडकपणा मोजणारी तपासणी) रिपोर्टवरून लिहितोय.

वय ४६, राहणार कोल्हापूर, दारू नाही, मधुमेह नाही. जूनमध्ये वजन ८४ किलो, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ७८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०. फायब्रोस्कॅनवर चरबीचा आकडा, म्हणजे कॅप, ३१२ आणि कडकपणा ६.१. चरबी भरपूर, पण यकृत अजून मऊ. गोडाची मला आवड नाही, तेलातुपाची आहे. सकाळी चहाबरोबर बेकरीची खारी, दुपारी दुकानावर वडा, रात्री भातावर तुपाची धार, आणि रविवारी मटणाच्या रश्श्यावरचा जाड कट. डॉक्टरांनी व्हिटॅमिन ई आणि सिलिमारिन (मिल्क थिसल या वनस्पतीचा अर्क) लिहून दिलं, ट्रायग्लिसराइडसाठी ओमेगा-३ दिलं. घरात लग्न होतं, म्हणून खाण्यातला मोठा बदल दिवाळीनंतर करायचा असं त्यांच्याशी बोलूनच ठरलं. त्यामुळे गोळ्यांनी काय केलं आणि ताटाने काय केलं, हे मला बऱ्यापैकी वेगळं पाहता आलं.

आधी व्हिटॅमिन ई. या आजारात ज्या पूरक गोळ्यांची नावं ऐकू येतात, त्यांत सर्वांत भक्कम पुरावा हिच्याच बाजूने आहे. अमेरिकेतल्या पिव्हेन्स नावाच्या चाचणीचे निकाल २०१० मध्ये आले. मधुमेह नसलेल्या, पण बायोप्सीत यकृताला सूज दिसलेल्या रुग्णांना रोज ८०० युनिट व्हिटॅमिन ई ९६ आठवडे दिलं. ४३ टक्के रुग्णांत सुधारणा दिसली. नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत १९ टक्के. फरक खरा आहे, पण निम्म्याहून जास्त लोकांना तितका उपयोग झाला नाही हेही त्याच आकड्यात आहे. शिवाय त्या चाचणीत नैसर्गिक प्रकारचं व्हिटॅमिन होतं. आपल्याकडच्या बऱ्याच ४०० च्या कॅप्सूल कृत्रिम प्रकारच्या असतात. पाकिटावर 'डी-अल्फा' लिहिलंय की 'डीएल-अल्फा', ते बघा. 'डीएल' म्हणजे कृत्रिम.

हे व्हिटॅमिन त्वचेसाठी म्हणून लोक वर्षानुवर्षं मनाने खातात, त्याची मला खरंच काळजी वाटते. सिलेक्ट नावाच्या मोठ्या चाचणीत रोज ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटच्या कॅन्सरचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त आढळलं. ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. माझ्या डॉक्टरांनी घरात कुणाला प्रोस्टेटचा त्रास आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे विचारूनच चिठ्ठी लिहिली आणि बंद करायची तारीखही त्याच चिठ्ठीवर टाकली. ज्या चिठ्ठीवर अशी तारीख नसेल, तिथे ती मागून घ्या.

दिवाळीच्या आधीचा रिपोर्ट : एसजीपीटी ४९, कॅप ३०४, वजन जवळपास तेवढंच. म्हणजे रक्तातला आकडा खाली आला, पण चरबी जागच्या जागी. कॅपमधला एवढा फरक तर मशीन धरणाऱ्याच्या हातानेही पडतो.

सिलिमारिनबद्दल थोडक्यात. मलेशियातल्या २०१७ च्या चाचणीत ७०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देऊनही मुख्य कसोटीवर ते उतरलं नाही. मला १४० ची गोळी होती. दिवाळीनंतर ती बंद केली आणि त्यानंतरही एसजीपीटी उतरतच राहिलं. त्रास काही झाला नाही, पण पुन्हा घेणार नाही.

ओमेगा-३ घेताना डब्याची मागची बाजू वाचा. पुढे ठळक '१००० मिलिग्रॅम' असतं, ते माशाच्या तेलाचं वजन. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२० (हे माशातल्या ओमेगा-३ चे दोन प्रकार), म्हणजे कामाचं फक्त ३००. यकृतातल्या चरबीवरच्या अभ्यासांत रोज ४ ग्रॅमपर्यंत दिलेलं आहे; साध्या कॅप्सूल घेऊन तिथे पोचायचं तर रोज तेरा-चौदा लागतील. म्हणून मी जास्त ताकदीची घेतली आणि जोडीला रत्नागिरीहून येणारा बांगडा, तारली. जवसाची चटणी चांगलीच, पण जवसातलं ओमेगा-३ वेगळं. शरीर त्यातलं फार थोडं ईपीए-डीएचएमध्ये बदलतं.

आता ताट. स्वीडनमध्ये २०१४ साली तरुणांना सात आठवडे जादा मफिन खायला घातले. काहींना पाम तेलाचे, काहींना सूर्यफुलाच्या तेलाचे. वजन दोन्हीकडे सारखंच वाढलं, पण यकृतात चरबी साठली ती पाम तेलवाल्यांच्या. फिनलंडमध्ये २०१८ साली तीन आठवडे रोज हजार कॅलरी जादा दिल्या, तेव्हा संपृक्त चरबीने (तूप, पाम तेल यांत असते तशी) यकृतातली चरबी ५५ टक्क्यांनी वाढवली, साखरेने ३३ आणि असंपृक्त चरबीने (सूर्यफुलाच्या तेलात असते तशी) १५. हे वाचल्यावर मला माझी वनस्पती तुपातली खारी दिसली. २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर (तेल घट्ट करताना तयार होणारी घातक चरबी) २ टक्क्यांची मर्यादा आली हे चांगलंच झालं, पण वनस्पती तुपातली पामची संपृक्त चरबी त्याने जात नाही.

खारी बंद केली. घरात शेंगतेल, तेही माणशी महिन्याला अर्धा लिटर. तूप चमचाभर. रश्श्यावरचा कट काढून ठेवायचा, आणि पांढरा रस्सा वाटीभरच, कारण त्यात नारळाचं दूध आहे. रोज पहाटे रंकाळा तलावावर चालणं. होळीनंतरचा रिपोर्ट : वजन ७७, कॅप २५१, एसजीपीटी ३१, ट्रायग्लिसराइड १५८.

एका नातेवाइकांनी 'लिव्हर डिटॉक्स' पावडर आणून दिली होती, ती मी घेतली नाही. तिच्यात ग्रीन टीचा अर्क, गुळवेल आणि मिरीच्या अर्कासह हळद होती, प्रमाण कशाचंच नाही. ग्रीन टीतला ईजीसीजी हा घटक गोळ्या-पावडरीतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेला तर यकृताची एन्झाइम वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये म्हटलंय. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत; आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण नंतर देशातल्या इतर केंद्रांतूनही तशा नोंदी आल्या. आधीच सुजलेल्या यकृतावर असा प्रयोग करू नका.

व्हिटॅमिन ई चिठ्ठीवरच्या तारखेला बंद झालं. ओमेगा-३ ट्रायग्लिसराइड १५० च्या खाली येईपर्यंत चालू आहे. पुढचा फायब्रोस्कॅन दिवाळीआधी, त्याच ठिकाणी आणि तीन तास उपाशी राहूनच करणार, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील.