१९३४ ची रोल्स-रॉइस २०/२५, हूपर लिमोझिन: इंजिनाचं सोडा, आधी दार उचलून बघा

इंग्लंडात सरेमधल्या एका डीलरकडे ही गाडी विकायला लागलीये. १९३४ चं मॉडेल, हूपरची लिमोझिन बॉडी, काळा आणि गडद मरून असा दुरंगी पेंट, मागतायत ४० हजार पौंडांच्या वर. जाहिरातीत फोटोंची रेलचेल आहे पण त्यातले निम्मे रेडिएटरचे आणि त्यावर उभ्या असलेल्या त्या स्पिरिट ऑफ एक्स्टसी नावाच्या पुतळीचे. दार उघडून खालून काढलेला फोटो एकही नाही, आणि मी जाऊन बघितल्यावर का नाही ते कळलं. गाडी वाईट नाहीये हं. पण जाहिरात ज्या गोष्टींचं कौतुक करते त्यात काळजीचं फारसं काही नसतंच, काळजीचं जे आहे ते दुसरीकडे.

त्या काळात रोल्स-रॉइस पूर्ण गाडी विकतच नव्हती. डर्बीच्या कारखान्यातून इंजिन, गियरबॉक्स, चाकं, रेडिएटर असलेली नुसती चेसिस मिळायची, ती मग लंडनमधल्या एखाद्या कोचबिल्डरकडे जायची, हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मॅबर्ली, जो परवडेल आणि आवडेल तो, आणि तो तुमच्या मापाने, तुमच्या आवडीने बॉडी बांधून द्यायचा. हूपर तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचं घराणं, राजघराण्याच्या बग्ग्या बांधणारं. म्हणजे नाव एक असलं तरी गाडीत काम दोन कारखान्यांचं आहे. लोक पहिल्याचं नाव बघून पैसे देतात आणि खर्च निघतो दुसऱ्याच्या कामात.

कारण बॉडीचा सांगाडा लाकडाचा आहे, ॲश लाकूड, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. डीलर तीनतीनदा सांगत होता की ॲल्युमिनियम आहे साहेब, गंजत नाही. खरंय, पत्रा गंजत नाही, पण आतलं लाकूड कुजतं आणि बाहेरून पेंट आरशासारखा चमकत राहतो. पाणी कुठे साठतं तर दारांच्या खांबांच्या तळाशी, पायरीच्या वरच्या पट्टीत, मागच्या चाकांच्या कमानीपाशी. बघायची पद्धत अगदी साधी आहे. दार अर्धं उघडायचं, कडेला धरून हळूच वर उचलायचं आणि नजर बिजागरीवर ठेवायची. फक्त बिजागरीची पिन हलत असेल तर किरकोळ काम. पण दाराबरोबर अख्खा खांब हलला की समजायचं, आतलं लाकूड कुजलंय. या गाडीचं उजवीकडचं मागचं दार उचललं तर खांब चांगलाच हलला. डीलर म्हणाला स्क्रू टाइट केले की होईल. अहो, स्क्रू पकडायला आत लाकूड नको का? हे काम म्हणजे पत्रा उतरवा, नवीन ॲश कापून जोड बसवा, पत्रा परत चढवा, मग त्या बाजूचा पेंट, आणि दुरंगी पेंट जुन्याशी जुळत नाही म्हणून शेवटी सगळ्या गाडीचा पेंट. बिल पाच आकडी पौंडांत सहज जातं.

आता इंजिन. ३,६६९ सीसी, सहा सिलिंडर, आणि चांगलं आहे म्हणजे खरंच चांगलं आहे. स्टिअरिंगच्या मधोमध छोटे दांडे आहेत, एक स्पार्क लवकर-उशिरा करायला, एक पेट्रोलचं मिश्रण कमीजास्त करायला, एक हाताने थ्रॉटल द्यायला, ते लावले आणि थंड इंजिन लगेच सुरू झालं. स्पार्क देणारी कॉइल बिघडली तर तेच काम करणारा राखीव मॅग्नेटोसुद्धा आहे, त्या लोकांनी प्रवाशाला रस्त्यात सोडायचंच नाही असं ठरवलं होतं बहुतेक. या इंजिनांत दोन गोष्टी विचारायच्या. ब्लॉकच्या मागच्या बाजूला पाण्याच्या वाटेत गाळ साठतो, मग गरम होऊन हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, तडा जाऊ शकतो, आणि क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) पोकळ पिनांत तेलाचा गाळ बसतो. इथे दोन्ही साफ केल्याची बिलं फाइलमध्ये आहेत आणि चढावर तापमानाचा काटा जागचा हलला नाही. शिवाय २०/२५ चे ३,८०० हून जास्त नग निघाले, १९२९ ते १९३६, त्यामुळे पार्ट मिळतात, काम येणारे लोकही आहेत. हूपरच्या त्या एका दाराचा खांब मात्र कुठल्याच दुकानात तयार मिळत नाही.

चालवायला मजा आहे पण सवय लागते. गियरचा दांडा ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, दार आणि सीटच्या मध्ये, त्यामुळे चढता उतरताना पाय अडकतो. तिसऱ्या आणि चौथ्या गियरला सिंक्रोमेश आहे, म्हणजे गियर आपोआप जुळून सहज पडतो, पहिल्या दुसऱ्याला डबल क्लच, म्हणजे एका गियरसाठी दोनदा क्लच दाबणं, करावं लागतं. ब्रेकला जोर देणारा सर्व्हो गियरबॉक्सवर चालतो, म्हणजे गाडी पळत असेल तर ब्रेक झकास, पण मुंगीच्या पावलाने सरकत असाल तर क्षणभर काहीच होत नाही आणि पोटात गोळा येतो. ताशी ४५-५० मैलांना गाडी एकदम खूश असते. मोटरवेवर न्यायच्या फंदात पडू नका. पेट्रोलचं विचारू नका, बरं विचाराच, गॅलनला १५ मैल गेले तर नशीब.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच जाहिरातीत नसते. लिमोझिनमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागे काचेची भिंत असते, त्यामुळे पुढची सीट मागे सरकतच नाही. मी काही ताडमाड उंच नाही तरी गुडघे स्टिअरिंगला लागत होते. ही गाडी मागे बसणाऱ्यासाठी बांधलीये, पगारी ड्रायव्हरच्या गुडघ्यांची फिकीर कोणी केली असेल. मागे मात्र काय ते सुख, ऐसपैस कापडी सीट, पाय लांब करायला जागा, दोन घडीच्या जादा सीटा, काच वर केली की पुढचं बोलणं ऐकू येत नाही. नवऱ्याने गाडी चालवायची आणि बायकोने मागे बसायचं असं ठरत असेल तर बायकोसाठी पाचपैकी पाच.

लिमोझिन स्वस्त मिळते ती यामुळेच. सगळ्यांना टूरर, म्हणजे उघड्या टपाची गाडी, हवी, मग कोणीतरी चांगली लिमोझिन घेतो, हूपरची बॉडी भंगारात टाकतो आणि त्याच चेसिसवर नवीन टूरर बॉडी बांधून महाग विकतो. मला याचा भयंकर राग येतो, पण राग बाजूला ठेवला तरी घेणाऱ्याने तपासायलाच हवं. पायरीवरची हूपरची पाटी बघून भुलू नका, पाटी कुठूनही आणून ठोकता येते. नॉर्दम्प्टनशरमध्ये पॉलर्सपरीला रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबचं हंट हाउस आहे, तिथे चेसिसच्या मूळ नोंदी मिळतात, कोणी मागवली, बॉडी कोणाची. या गाडीची प्रत डीलरकडे होती आणि त्यात हूपरच आहे, त्याबद्दल त्याला पूर्ण मार्क. त्याने कंपनीचा एक संस्थापक हेन्री रॉइस वारला म्हणून रेडिएटरवरची लाल अक्षरं दुखवट्यासाठी काळी केली ही गोष्टही सांगितली, तिला मार्क नाहीत. रॉइस १९३३ ला गेला हे खरं, पण रंग बदलायचं आधीच ठरलं होतं, लाल अक्षरं लोकांच्या बॉडीच्या रंगांशी भांडायची.

कागदपत्रांचं टेन्शन फार नाही. ४० वर्षांपेक्षा जुनी म्हणून रोड टॅक्स शून्य, एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही (तरी करून घ्याच, कोणीतरी खालून बघितलेलं बरं), लंडनच्या युलेझचे, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना शहरात लागणाऱ्या शुल्काचे, पैसेही लागत नाहीत. सीटबेल्ट नाहीत, त्यामुळे ३ वर्षांखालच्या मुलाला कायद्याने बसवताच येत नाही, घरात तान्हं असेल तर थांबा. पेट्रोल ई५ (५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं) टाका, ई१० (१० टक्क्यांपर्यंतवालं) मधलं जास्तीचं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं.

मग घ्यायची का? मागतायत त्या किमतीला नाही. ३० हजाराच्या आसपास आले तर नक्की, कारण इंजिन, कागद आणि मूळ बॉडी तिन्ही एकत्र सहसा सापडत नाही, उरलेले पैसे दाराला ठेवा. मी तसं सांगून आलोय, डीलरने तोंड वाकडं केलं पण नंबर लिहून घेतला. तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर डावीकडची दोन्ही दारंही उचलून बघा, तिकडे गाडी भिंतीला चिकटवून ठेवली होती आणि पुढे काढायला किल्ली सापडत नव्हती म्हणे.