बाबांना सोबत हवी होती, ब्युरोने चोर पाठवला

आई गेल्यापासून बाबा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटेच असतात. वय 78. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत, गोळ्या वेळेवर घेतात, कुकर लावतात. त्यांना नर्स नको होती, बोलायला माणूस हवं होतं. मी बंगळुरूला, भाऊ जर्मनीत. म्हणून एका ब्युरोकडून दिवसभरासाठी माणूस ठेवला. नोंदणीचे 5,000 आणि महिन्याचे 18,000 रुपये. 'पोलीस व्हेरिफिकेशन झालेलं आहे' म्हणत त्यांनी शिक्क्यासकट पीडीएफ पाठवली, सोबत आधारची झेरॉक्स.

मुलगा तिशीतला, बोलायला लाघवी. आल्या आल्या 'आजोबा' म्हणून पाया पडला. सकाळी दोघं मिळून पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे, दुपारी रमी, संध्याकाळी बागेत फेरी. बाबा फोनवर पुन्हा हसायला लागले. आईनंतर ते हसणं मी ऐकलंच नव्हतं.

आधी तो पासबुक भरून आणू लागला. मग लाईटबिल बाबांच्या मोबाईलवरून भरू लागला, त्यासाठी त्यांनी पिन सांगितला. पुढे गुडघे दुखतात म्हणून एटीएमचं कार्डही त्याच्याच हातात गेलं. रक्कम कधी 2,000, कधी 3,000, किराणा आणि औषधांच्या खर्चात सहज खपून जाईल इतकीच. बँकेचा एसएमएस आला की तो पुसून टाकायचा. जुलैमध्ये रिटर्न भरताना सीएंनी व्याजाचा दाखला मागितला, तेव्हा कळलं की बाबांची एक एफडी मोबाईलवरूनच मोडलेली आहे. सगळे मिळून दीड लाखाच्या वर गेले होते. आम्ही विचारायला लागलो त्या दिवसापासून तो आलाच नाही.

ब्युरोवाल्याचं उत्तर तयारच होतं: 'आम्ही फक्त ओळख करून देतो, पुढची जबाबदारी तुमची.' पोलीस ठाण्यात ती पीडीएफ दाखवली, तर तशी नोंदच नव्हती. आधारवरचा क्यूआर कोड एमआधार ॲपवर स्कॅन केला, तर नाव आणि फोटो भलत्याच माणसाचा. सायबर फसवणुकीच्या 1930 या सरकारी हेल्पलाईनवर तक्रार केली, पोलिसांतही दिली. बँकेने रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकावर बोट ठेवलं: ग्राहकाने स्वतः पिन दिला असेल, तर बँकेला कळवण्याआधीचं नुकसान ग्राहकाचंच.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते बाबांचं बोलणं. दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, 'मला अंदाज आला होता गं. पण तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याला काढला असता. मग दुपारी मी कोणाशी बोलणार?'

असली माणसं याच्यावरच जगतात. आपल्याला फसवलं जातंय हे म्हाताऱ्या माणसांना कळत नसतं असं नाही. पुन्हा एकटं पडायची भीती पैशांपेक्षा मोठी असते, म्हणून ते सोसतात. त्यामुळे 'पैशांवर लक्ष ठेवा' असं त्यांनाच बजावून काही उपयोग नाही. लक्ष बाहेरून ठेवावं लागतं. खात्याचे एसएमएस आणि ईमेल मुलांकडेही येतील अशी सोय बँकेकडून करून घ्या. रोजच्या खर्चाला वेगळं, थोड्याच शिलकीचं खातं ठेवा आणि मोठ्या खात्याचं मोबाईल बँकिंग बंदच करा. सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच रोख रक्कम देण्याची सोय बँकांनी ठेवावी, असं रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच सांगितलेलं आहे. शाखेत जाऊन ती मागा, म्हणजे कार्ड परक्या हातात द्यावं लागत नाही.

ब्युरोने पाठवलेली पीडीएफ म्हणजे व्हेरिफिकेशन नव्हे. माणसाची माहिती पोलिसांकडे तुम्ही स्वतः द्या, आधारचा कोड त्याच्यासमोर स्कॅन करा, आणि आधी जिथे काम केलं त्या घरी जाऊन या. नुसत्या फोनवर भागवू नका, कारण पलीकडून बोलणारा त्यांचाच साथीदार असू शकतो. पैसे भरण्याआधी करारात बघा, माणसाची जबाबदारी ब्युरो घेतो की फक्त 'ओळख' करून देतो. आमच्या पावतीवर ना जीएसटी क्रमांक होता, ना धड पत्ता.

आणि ज्येष्ठांनो, तुम्ही स्वतः वाचत असाल तर, 14567 ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाईन, एल्डरलाईन, आहे. मुलांना सांगायला संकोच वाटत असेल, तर आधी तिथे बोला.