झुडपी सांगून वेलीची डबल बी गळ्यात मारतात

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं पावसाचा जोर ओसरला की परड्यात डबल बी टोकायची वेळ होते, आणि नेमकं तेव्हाच बाजारात 'झुडपी' म्हणून सुटं बियाणं गळ्यात मारलं जातं. मांडव नको, काठ्या नकोत, एवढं ऐकून माणूस पिशवी पुढं करतो. बिल मागितलं तर "सुट्या मालाला कसलं बिल" हे उत्तर.

पांढरी चपटी बी तळहातावर घेऊन झुडपी कुठली, वेलीची कुठली, हे सांगता येत नाही. लबाडी त्यावरच चालते. खरी झुडपी दीड-दोन फुटांवर थांबते आणि 65 ते 75 दिवसांत शेंगा देते. वेलीची आठ-दहा फूट चढते, शेंगांना तीन महिने घेते. टोकल्यावर महिनाभरात शेंड्याकडं बघा. वेलीची असेल तर दोन पानांमधलं अंतर वाढत जाऊन शेंडा सुतळीसारखा बारीक होतो आणि शेजारच्या मिरचीला विळखा घालतो. एखाद्या रोपाचा शेंडा हातभर लांबला तर बियाण्याला दोष देऊ नका, काही झुडपी जातीही तेवढ्या लांबतात. अख्खी ओळ चढायला लागली तर मात्र फसवलंय.

दुसरी लबाडी रंगाची. किराणातलीच जुनी डबल बी गुलाबी रंगात घोळली की औषध लावलेल्या बियाण्यासारखी दिसते. ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाणा चोळा. रंगाखाली टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक दिसलं तर भुंग्यानं आतला गर खाल्लाय. नंतर हात साबणानं धुवा, कारण रंगाखाली खरंच औषध असू शकतं. असलं रंगीत बी उरलं तरी शिजवून खाऊ नका.

टोकण्याआधी वीस दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उबेला ठेवा. आठ-दहा दिवसांत चौदा-पंधरा दाण्यांना तरी मोड आले पाहिजेत. पाच-सहांनाच मोड आले तर वाफा अडवू नका.

हे आधीच करायचं, कारण नंतर विकणारा "तुमचंच पाणी जास्त झालं" म्हणतो, आणि कधी कधी ते खरंही असतं. या बीची दोन्ही दळं मान वाकवून माती फोडत वर येतात. काळ्या रानात पाण्यानंतर पापुद्रा धरला की मान तुटते. म्हणून ओल असताना इंच-दीड इंच खोल, वीतभर अंतरावर टोका आणि कोंब वर येईपर्यंत वरून पाणी ओतू नका. रात्रभर भिजत घातलेली बी फुटून सडते. युरिया जास्त झाला तर नुसता पाला माजतो. एप्रिलच्या उन्हात फूल गळतं, तो दोष बियाण्याचा नव्हे.

पाकीटबंद घेताना उगवणक्षमता, तपासणीची तारीख, लॉट नंबर वाचा. मजकूर कन्नडात असला तर दुकानदाराकडूनच वाचून घ्या. बिलावर 'झुडपी' हा शब्द आणि लॉट नंबर लिहून घ्या. नुसतं 'बियाणं' लिहिलेलं बिल तक्रारीत तोकडं पडतं. पाकीट वरून न फाडता खालून कापा, म्हणजे छापील मजकूर शाबूत राहतो. मूठभर बी त्यातच ठेवा. वेल चढलेले दिसले तर उपटण्याआधी पाकीट शेजारी धरून फोटो काढा आणि शेती खात्याच्या रैत संपर्क केंद्रात दाखवा. दुकानदार दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.