डेब, आरपीएम की पोर्ट: पहिलं पॅकेज कशाचं?

प्रोग्राम चालतोय, टारबॉल (सोर्स कोडची एकच गठडी) निघालाय, आणि आता जो तो विचारतोय, पॅकेज कधी, म्हणजे सिस्टिमच्या इन्स्टॉलरनं थेट बसवता येईल असा गठ्ठा? डेब डेबियन-उबुंटूचं, आरपीएम फेडोरासारख्या लिनक्सचं, पोर्ट फ्रीबीएसडीचा. एकदम सगळीकडे हात घालू नका. पॅकेज एकदा करून भागत नाही, दर रिलीझला ते पुन्हा उघडावं लागतं.

सुरुवातीला आपली मेकफाइल (बिल्ड आणि इन्स्टॉलच्या सूचनांची फाइल) डेस्टडिर, म्हणजे फायली कुठल्या फोल्डरखाली टाकायच्या ते सांगणारं व्हेरिएबल, मानते का ते बघा. तिन्ही पद्धती आधी एका खोट्या रूटमध्ये (सिस्टिमच्या मुळाच्या जागी धरलेल्या रिकाम्या फोल्डरमध्ये) इन्स्टॉल करतात आणि तिथं पडेल ते गोळा करतात. तुमची मेकफाइल थेट खऱ्या सिस्टिममध्ये फायली टाकत असेल, तर पुढचं सगळं व्यर्थ.

आरपीएमला एक स्पेक फाइल पुरते. नाव, आवृत्ती, बिल्डला काय लागतं, पायऱ्या, फायलींची यादी, चेंजलॉग (बदलांची नोंद), सगळं वरून खाली एका दमात वाचता येतं. इन्स्टॉल झालेलं एखादं मॅन पेज (मदतीचं पान) यादीत नसेल, तर बिल्ड तिथंच अडतं. पहिल्यांदा वैताग येतो, पण राहून गेलेली फाइल घरातच सापडते, वापरणाऱ्याकडे नाही.

डेबला मात्र अख्खी डिरेक्टरी: कंट्रोल (पॅकेजची माहिती आणि बिल्डला काय लागतं ते), रूल्स, चेंजलॉग, कॉपीराइट. रूल्स ही खरं तर मेकफाइलच, आणि डेबहेल्पर या मदतनीस टूलमुळे ती दोन-तीन ओळींत आटोपते. वेळ खातात बाकीच्या फायली. पॅकेजची आवृत्ती चेंजलॉगमधून उचलली जाते, आणि त्यातल्या सहीच्या ओळीत ईमेल आणि तारखेच्या मध्ये दोन स्पेस लागतात. मी एक दिली होती; वॉर्निंग समोर असून अर्धा तास भलतीकडेच शोधत बसलो. कॉपीराइटचं काम त्याहून किचकट: कुठून तरी उचललेल्या एका हेडर फाइलचंही लायसन्स नोंदवायचं. अधिकृत भांडारात जायचं तर डेबियन काय, फेडोरा काय, नवख्याला स्पॉन्सर (हमी घेणारा जुना सदस्य) शोधावा लागतोच.

फ्रीबीएसडीचा पोर्ट म्हणजे एक मेकफाइल, चेकसमची फाइल, वर्णन आणि फायलींची यादी. मला तो आवडतो तो वेगळ्याच कारणानं: आपल्या कोडमधल्या लिनक्सच्या सवयी तो उघड्या पाडतो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश या शेलचा पत्ता थेट बिन फोल्डरमध्ये दिलाय? तिथं बॅश मुळात येत नाही, आणि टाकलं तरी यूएसआर-लोकलखाली बसतं. मेकफाइल चालवणारा मेकही जीएनयूचा, म्हणजे लिनक्सवर असतो तो, नाही. पीकेजीएसआरसी ही पॅकेज-व्यवस्था 1997 साली याच पोर्ट्समधून नेटबीएसडी या फ्रीबीएसडीच्या भावंड-सिस्टिमसाठी वेगळी झाली. ती लिनक्स आणि मॅकवरही चालते, म्हणजे एका कष्टात बरंच पदरात पडतं.

फ्लॅटपॅकचा (वेगवेगळ्या लिनक्सवर एकच चालणाऱ्या पॅकेजचा) विचार खिडकीवाल्या अ‍ॅपसाठी करा. डीमनसाठी, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामसाठी, नको.

तुमचे बहुतेक वापरकर्ते डेबियन-उबुंटूवर असतील, तर प्रश्नच मिटला, डेब करा. तसं काही ठरलेलं नसेल तर मी आधी स्पेक लिहीन. बिल्डला काय लागतं याची यादी त्यात एकदा नक्की झाली, की डेबच्या कंट्रोलमध्ये फक्त पॅकेजांची नावं बदलायची उरतात. तीही सरळ नाहीत म्हणा: आरपीएमकडे लायब्ररीच्या नावाला डेव्हल जोडतात, डेबकडे नुसतं डेव्ह.