खेचर की लामा? दरीतल्या मुक्कामी ट्रेकसाठी काय निवडाल

अ‍ॅरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनच्या तळाशी मुक्काम करायचा की युटामधल्या एस्कलांटेच्या दऱ्यांत, हे बरेच जण फोटो बघून ठरवतात. माझ्या मते आधी बघायला हवं ते तुमचं ओझं कोण वाहणार हे. दिवस कसा जाणार, किती दमणार, सगळं त्यावर ठरतं.

ग्रँड कॅन्यनमध्ये हे काम खेचरांचं. वरच्या साउथ रिमवरून, म्हणजे दरीच्या दक्षिण कड्यावरून, सामानाची पिशवी खेचरावरून खाली तळाशी असलेल्या फँटम रँच या निवासापर्यंत पाठवता येते. एका पिशवीत जास्तीत जास्त साडेतेरा किलो. तंबू ठोकायची जागा, ब्राइट एंजल कॅम्पग्राउंड, तिथून जवळच आहे. पण खेचरं तुमच्यासोबत चालत नाहीत, त्यामुळे पाणी आणि खाणं तुमच्याच पाठीवर. वाटेत त्यांची रांग आली तर कड्याच्या धारेपासून लांब, डोंगराच्या बाजूला उभं राहायचं आणि ती जाईपर्यंत हलायचं नाही.

खरी परीक्षा परतीची. पर्वतावर आधी चढता आणि दमल्यावर उतरता. इथे नेमकं उलटं. साउथ रिमवरून तळाला दोन वाटा जातात. साउथ कायबाबची वाट सुमारे ११ किलोमीटरची. तिच्यावर पाणी नाही, सावली जेमतेम, म्हणून तिने उतरावं. चढताना ब्राइट एंजल ट्रेल धरावी. ती १५ किलोमीटरची, पण निम्म्या वाटेवर हवासुपाई गार्डन्स हा पाणी-सावलीचा थांबा लागतो. चढाई जवळजवळ १४०० मीटरची, आणि उन्हाळ्यात तळाला पारा चाळिशीच्या वर जातो. गुडघे कुरकुरत असतील तर ही वाट नको.

एस्कलांटेत गाइडसोबत लामा मिळतात. लामा उंटाच्या कुळातला, दक्षिण अमेरिकेतला प्राणी. दोरी तुमच्या हातात आणि तो मागून येतो. एक सरावलेला लामा पंचवीस-तीस किलो उचलतो, म्हणजे तंबू, भांडी, शिधा सगळं त्याच्यावर. तळपाय मऊ असल्यामुळे नाल लागत नाही आणि वाट फारशी उखडत नाही. मात्र मोठ्या माणसाला त्याच्यावर बसता येत नाही. कुणाचा पाय मुरगळला तर लामा त्याला उचलून आणणार नाही, हे गटाने आधीच समजून घ्यावं.

सामान चढवताना गाइडकडे जरूर लक्ष द्या. दोन्ही बाजूंच्या पिशव्या तो काट्याला अडकवून तोलतो. एक बाजू जड झाली की खोगीर सरकतं आणि पाठीला जखम होते. म्हणून तोलून झाल्यावर पिशवीत पाण्याची बाटली कोंबू नका. ओझं जास्त झालं की लामा सरळ खाली बसतो, आणि मग ते हलकं करणं हाच इलाज. मला हा त्याचा गुण फार मोलाचा वाटतो. त्याला काय सोसत नाही ते लपत नाही.

एस्कलांटेत चढ कमी, पण वाळू तुडवावी लागते आणि नदीच्या पाण्यातून पुन्हापुन्हा चालावं लागतं. जुलै ते सप्टेंबर अचानक पूर येण्याचे दिवस. डोक्यावर आकाश निरभ्र असतं आणि पाऊस कित्येक किलोमीटर वर पडलेला असतो. अरुंद घळीत तेव्हा पळायलाही जागा नसते, त्यामुळे या महिन्यांत मी एस्कलांटे सुचवणार नाही.

मुलं किंवा वडीलधारी सोबत असतील, दरीत निवांत राहायचं असेल, तर वसंतात किंवा शरदात लामांसोबत जा. पाय भक्कम असतील आणि कोलोरॅडो नदीच्या काठी झोपायचंच असेल, तर ग्रँड कॅन्यन. तिथल्या मुक्कामाला परवाना लागतो आणि मागणी खूप असते, म्हणून तारखा लवचीक ठेवा.

काही जण ओझ्याला शेळ्याही देतात. शेळ्यांपासून रानटी बिगहॉर्न मेंढ्यांना न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून अनेक ठिकाणी त्यांना बंदी आहे. परवानगी आहे का ते विचारा. जनावर कुठलंही असो, पैसे भरण्याआधी आयोजकाला दोन प्रश्न हवेतच: लागोपाठ किती दिवस एकच जनावर चालवता, आणि ऊन वाढलं तर बेत बदलता का? उत्तर देताना टाळाटाळ झाली तर दुसरा आयोजक बघा.