जुन्या गाडीचा तापमानाचा काटा: मूळ मीटर दुरुस्त करावा की कॅपिलरीचा बसवावा?

जुन्या गाडीचा तापमानाचा काटा भलतेच काही दाखवू लागला, की मालकापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे मूळ विद्युत मीटर, त्याचा सेन्सर आणि वायरिंग यांतील दोष शोधून काढणे. दुसरी म्हणजे ते सगळे बाजूला ठेवून विजेवाचून, बारीक नळीतील दाबावर चालणारा कॅपिलरीचा मीटर बसवणे. मी दोन्ही करून पाहिले आहे. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला वाट उघडणारी झडप), रेडिएटर आणि कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी आपण आधीच तपासली आहे, असे येथे गृहीत धरतो; इंजिन खरोखरच तापत असेल, तर बिचाऱ्या काट्याचा काय दोष?

कॅपिलरीच्या मीटरची बाजू भक्कम आहे, हे प्रथम मान्य करतो. कूलंटमध्ये बुडालेल्या कुपीतील ईथर तापले की दाब वाढतो, तो बारीक नळीतून मीटरमधील वक्र नळीपर्यंत पोहोचतो आणि काटा हलतो; यात बॅटरी नाही, अर्थ (गाडीच्या धातूतून वीज परत जाण्याची जोडणी) नाही, गंजलेली जोडणी नाही. शिवाय तो अंश दाखवतो. थर्मोस्टॅट उघडल्यावर काटा किंचित खाली येऊन पुन्हा स्थिरावतो, हे मी प्रथम त्यावरच पाहिले. मूळ मीटरच्या ‘थंड’ आणि ‘गरम’ या दोन खुणांमध्ये ते कधी कळले नव्हते.

विद्युत मीटरचे दुखणे मात्र कोठेही असू शकते. बहुतेक जुन्या गाड्यांत सेन्सर तापला की त्याचा रोध घटतो आणि काटा वर जातो. त्यामुळे इग्निशन चालू ठेवून सेन्सरची वायर काढल्यास काटा थंडाकडे पडला पाहिजे, आणि तीच वायर क्षणभर इंजिनच्या धातूला टेकवल्यास तो गरमाकडे सरकला पाहिजे. सरकू लागताच वायर दूर करावी, नाहीतर मीटर जळण्याची भीती असते. एवढे झाले तर मीटर आणि वायर ठीक आहेत, दोष सेन्सरकडे किंवा त्याच्या अर्थकडे. सेन्सर काढून पाण्यात धरावा आणि पाणी तापत असताना मल्टीमीटरवर रोध सलग उतरतो का, ते पाहावे. परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढवू नयेत. सेन्सरला अर्थ त्या आट्यांतूनच मिळतो.

माझ्या गाडीत मात्र सेन्सर निर्दोष होता आणि तरी मी तो दोनदा बदलला. खरी खूण निराळीच होती: हेडलाइट लावले की तापमानाचा काटा चढायचा, आणि त्याच्यासोबत पेट्रोलचाही. दिवे लावल्याने टाकीत पेट्रोल वाढत नाही, हे लक्षात यायला मला लाज वाटावी इतका वेळ लागला. दोन्ही मीटरना सामाईक असलेल्या व्होल्टेज स्टॅबिलायझरचा अर्थ सैल झाला होता. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत हा स्टॅबिलायझर सरासरी सुमारे १० व्होल्ट पुरवतो. त्याचा अर्थ बिघडला की पुरवठा वाढतो आणि दोन्ही काटे एकदमच वर सरकतात.

हा शोध मला उशिरा लागला. तोवर कंटाळून मी कॅपिलरीचा मीटर बसवला होता, आणि तो उत्तम चालतही होता. अडचण आली ती डॅशबोर्डचा एक साधा बल्ब बदलताना. मीटर, नळी आणि कुपी हा एकच अखंड भाग असतो. मीटर पूर्णपणे बाहेर काढायचा, तर कूलंट उतरवून इंजिनातील कुपीही सोडवावी लागते. मी ते टाळले, पॅनल तेवढे पुढे ओढले, आणि आतल्या कडेवर नळी मुडपून चिरली. ईथर निघून गेले आणि काटा तळाला जाऊन बसला. तुटलेल्या वायरनेही काटा तळाला जातो, हे कबूल. पण वायर जोडता येते, ही नळी मला घरी जोडता आली नाही.

ज्यांना आकडाच हवा आहे आणि डॅशबोर्डला क्वचितच हात लावायचा आहे, त्यांना कदाचित कॅपिलरीचाच मीटर अधिक मानवेल. माझ्या गाडीत आता पुन्हा मूळ मीटर आहे, स्टॅबिलायझरला स्वतंत्र अर्थ दिला आहे, आणि रात्री दिवे लावताना मी सवयीने एकदा पेट्रोलच्या काट्याकडे पाहून घेतो.