मध्य मुंबईतील एका मराठी मंडळीची रविवारची उपासना

मुंबईत नव्याने राहायला आलेल्या आणि मराठीतून उपासना कोठे होते याची चौकशी करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी हे परीक्षण लिहीत आहे. मंडळी मिशनच्या काळातली, जुनी आहे आणि मी तेथे नियमित जातो. तिचे नाव मुद्दाम घेतलेले नाही, कारण खाली नोंदवलेले दोष थोड्याफार फरकाने शहरातल्या इतर मंडळ्यांतही आढळतात.

गायन मात्र खरोखर ऐकण्यासारखे आहे. पेटी-तबल्याच्या साथीने रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदे म्हणताना वयस्कर मंडळींना पुस्तक उघडावे लागत नाही, आणि त्यांच्यामागोमाग संडे स्कूलची मुलेही चाल बरोबर पकडतात. उपासना वेळेवर सुरू होते आणि शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट ऐकू येते.

गेल्या वेळी उपदेशाचा विषय होता बायबलमधील शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायात लावदिकीयाच्या मंडळीला दिलेला निरोप. पाळकसाहेबांचा अभ्यास दांडगा आहे. इ. स. ६० च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेले हे श्रीमंत शहर रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशावर पुन्हा उभे राहिले, आणि आपल्याला काही उणे नाही हा तेथील मंडळीचा सूर त्या शहराच्याच स्वभावातून आला असावा, हे त्यांनी फार चांगले उलगडून सांगितले. त्या निरोपात या मंडळीला ‘कोमट’, म्हणजे ना थंड ना उष्ण, म्हटले आहे; परंतु आज कोमट कोण, या प्रश्नाशी आल्यावर त्यांचा रोख आधी युरोप-अमेरिकेतल्या ओस पडलेल्या चर्चकडे आणि मग तरुण पिढीकडे गेला. समोरच्या बाकांकडे तो एकदाही वळला नाही. ज्या निरोपात प्रभू दाराशी उभा राहून ठोठावत आहे, तो ऐकून आम्ही सर्वांनी समाधानाने ‘आमेन’ म्हटले, याचे मला मनापासून दुःख झाले.

त्यानंतरच्या सूचना जवळजवळ उपदेशाइतक्याच लांबल्या. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेतील फोटोंचा क्रम, सभागृहाच्या एसीसाठी देणगी देणाऱ्यांच्या नावांची संगमरवरी पाटी, नव्या कमिटीचा सत्कार, असे सगळे विषय आपलेच होते. प्रार्थनेतही आपले आजारी, आपले परीक्षार्थी आणि परदेशी निघालेली आपली मुले एवढ्यांचीच आठवण झाली. फाटकासमोरच्या फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांसाठी एक वाक्यही उच्चारले गेले नाही. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत आले तेव्हा येथे त्यांच्या ओळखीपाळखीचा समाज नव्हता, आणि त्यांच्या मिशनने १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली तीही परक्यांच्या मुलींसाठी होती. हा वारसा आपण वर्धापनदिनाच्या भाषणांत दरवर्षी सांगतो.

उपासनेनंतर व्हरांड्यात चहा असतो. तेथे एक नवी बाई उभी होती. जालन्याकडून आलेली, रुग्णालयात आयाचे काम करणारी, हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत गावच्या पाळकांनी दिलेले सभासदत्वाचे पत्र नीट घडी घालून ठेवलेले. ‘तुम्ही कोणाकडच्या?’ असे तिला विचारण्यात आले. ओळखीचे आडनाव निघेना, तेव्हा विचारणाऱ्या ताई दुसरीकडे वळल्या, आणि पत्र कोणाकडे द्यायचे हे तिला कोणी सांगितले नाही. ज्या टिळकांची पदे आपण इतक्या प्रेमाने गातो, त्यांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापन केला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्वच ख्रिस्तभक्तांसाठी. आपल्याकडे बाप्तिस्मा आणि पत्र दोन्ही असूनही माणसाला आडनावावरून पारखले जाते, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. (ते पत्र नंतर मी कार्यालयात पोचते केले.)

याच मंडळीतील बुधवारच्या घरगुती प्रार्थनासभेबद्दल मात्र मी निःसंकोच चांगले लिहू शकतो. एका चाळीतल्या खोलीत भरणाऱ्या या सभेतील काही बहिणी सरकारी रुग्णालयात ज्यांना भेटायला कोणी येत नाही अशा रुग्णांकडे जातात, आणि चाळीतल्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यास घेतात; त्या मुलांत कोणत्या धर्माची किती, याची त्यांनी कधी नोंद ठेवलेली नाही. खडू-वह्यांचा खर्च त्या स्वतः करतात, कारण अंदाजपत्रकात त्यासाठी रक्कमच नाही. नव्याने येणाऱ्यांनी सुरुवात या सभेपासून करावी. अभ्यासवर्गासाठी पुढच्या वर्षी तरतूद व्हावी अशी लेखी मागणी मी कमिटीकडे दिली आहे, आणि इतर सभासदांनीही वार्षिक सभेपूर्वी ती द्यावी, अशी माझी विनंती आहे.